कचरू

अर्जुनी-मोरगावच्या अलीकडे, बोडीच्या गाळात
एक जिवाणू राहतो. त्याची चार हजार जीन्स
नागपूरला वाचून झाली.
बहुतेकांपुढे कामं लिहिलीत:
हा साखर फोडतो, तो भिंत लिंपतो, तो शेपटी फिरवतो.
चारशे सतरापुढे लिहिलंय, कार्य अज्ञात.
सर म्हणाले, हे तू घे.

घेतलं. कापलं, जोडलं,
ई. कोलायच्या पोटात घातलं.
तो बिचारा बदनाम, पण परक्याचं रांधायला
कधी नाही म्हणत नाही.
शेकरवर फ्लास्क हलत राहिला,
तांदळाच्या धुवणाइतकं गढूळ झालं
की इशारा द्यायचा: आता कर.

पहिल्या खेपेला सगळं प्रोटीन गोळा होऊन तळाशी बसलं.
दुसऱ्यांदा लाइट गेली साडेदहाला, आली पहाटे चारला.
तिसऱ्यांदा कॉलममधून नीट उतरलं
आणि डायलिसिसच्या पिशवीत
रात्रीतून फाटलं, दुधासारखं.

बर्फ आणायला उरकुडा जातो,
ढिवरांच्या मासळीच्या गाडीवरून.
कॉलेजचं बर्फयंत्र मार्चपासून बंद आहे,
म्हणून माझ्या नळ्यांना मरळीचा वास येतो.
त्यानं पिशवी उजेडाला धरली.
"नाव काय जी याचं, मॅडम?"
नाव नाही. नंबर आहे.
"मंग मरनच ना."

त्याच्या आधीची तीन पाळण्यातच गेली.
चौथ्याला सुईणीनं उकिरड्यावर लोळवलं,
सुपात घालून शेजारणीला विकलं,
मूठभर कोंडा देऊन परत आणलं.
नाव ठेवलं उरकुडा.
"मरनाले वाटलं, हे काय न्यायचं.
सत्तावन वर्सं झाली."

मी एमएस्सी आहे.
तापमान अठरावर आणलं, मीठ वाढवलं,
ग्लिसरॉल घातलं,
आणि नळ्यांच्या रॅकवर मार्करनं लिहिलं: कचरू.
नोंदवहीत पहिल्या तीन गोष्टी आहेत.

चौथ्या खेपेला निकेलच्या निळ्या कॉलमवर
माथ्याशी एक रेघ थांबली,
भोपळ्याच्या फुलाची पिवळी.
धुतली, हलली नाही.
पुन्हा धुतली.
इमिडाझोल सोडलं तेव्हा उतरली, नळी नंबर नऊमध्ये.
जेलवर एकच पट्टी, तेवीसच्या जरा वर.

प्रोटीन आपलं आपण पिवळं नसतं.
पिवळं म्हणजे त्यानं मुठीत काहीतरी धरलंय,
ज्या घरात रांधलं गेलं
तिथूनच उचलून आणलेलं.
उकळलं तेव्हा मूठ सुटली,
अतिनील दिव्याखाली पाणी हिरवट पेटलं.
फ्लेविन.

काय धरतं ते कळलं.
काय करतं ते नाही.
बेचाळीस पदार्थ पुढे ठेवले, एकालाही शिवला नाही.
जीन काढून टाकलेला जिवाणूही
फ्लास्कमध्ये मजेत वाढला, तितकाच, तितक्याच वेगानं.
सर फोनवर म्हणाले, मग इतकी वर्षं
त्यानं हे सांभाळलं कशाला?

मला काय माहीत.
बोडीला माहीत असेल,
पाणी आटून तळाला भेगा पडतात तेव्हा.
माझ्या फ्लास्कमध्ये मे येत नाही.

म्हणून मांडलाय.
काचेच्या पेटीत दोन परळ, वर शंभरचा बल्ब,
उकळून थंड केलेला बोडीचा गाळ,
डावीकडे जीन असलेला, उजवीकडे नसलेला.
उरकुडाला हे सांगितलं नव्हतं.
तो येता-जाता पेटीपाशी वाकतो,
गळत्या बर्फाची पाटी खांद्यावर तशीच.
आज म्हणाला,
"मॅडम, उजवीकडच्याले भेग पडली.
डावा अजून इचार करून राह्यला."

दोन्ही परळांत पाणी सारखंच घातलं होतं.
मी पुन्हा मोजायला बसले.